पेटीतला पिवळा गाऊन

घाटकोपर,
२० जानेवारी २०२५

ती. शकुमावशीस,

सा. न. वि. वि. साष्टांग नमस्कार सध्या कागदावरच घे, पोट आडवं येतं.

संक्रांतीला दोन दिवस तुझ्याकडे राहून आले आणि तेव्हापासून इथे घर खायला उठलंय. दुकानात गिऱ्हाइकांचे चष्मे पुसत बसते आणि मन तुझ्या ओट्यावर असतं. बळवंतकाकांनी त्या दिवशी लुळा हात उचलून दाखवला, ते मी निलेशला इतक्यांदा सांगितलंय की आता तोच मला सांगतो. तू काकांना सोडून हलणार नाहीस, आणि तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, म्हणून आपला हा कागदी कारभार. बरं झालं, नितेशभावजींची ड्यूटी माहुलच्या कंपनीतच लागली. जाताना माझं पत्र देतात आणि येताना तुझ्याकडचे तळलेले बोंबील खाऊन उत्तर आणतात. मागच्या पाकिटाला एवढं तेल लागलं होतं की बोंबील किती झाले असतील ते मी न विचारताच ओळखलं.

आता मुख्य काम. माझा पिवळा गाऊन तुझ्या दारामागच्या खुंटीवर राहिलाय. तो धुऊ नकोस. दोनच रात्री घातलाय आणि तो तसाच अंगाला मऊ पडलेला मला आवडतो. बाळंतपणाला आले की उतरल्या उतरल्या तोच घालणार आहे. तू धुतलेला कपडा पापडासारखा कडक होतो, हे तुला अख्ख्या माहुलमध्ये माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही.

सासूबाई हल्ली मला फार जपतात. लग्नात माझी पेटी उघडल्यावर साड्यांना वास येतो असं त्या बोलून गेल्या आणि तू भरल्या पानावरून उठलीस, तेव्हापासून या घरातून तो शब्द हद्दपार आहे. परवाची गंमत सांगते. गॅसची नळी सुटली, तर सासूबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, गॅसचं कायतरी येतंय. काय येतंय ते काही तोंडातून निघेना. मी आणि निलेश हसून हसून बेजार झालो, शेवटी खिडक्या मीच उघडल्या. बांगड्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही, पण म्हावरं विकणारीची पोर सून म्हणून आली ते उतरायला वेळ लागला. आता उतरलंय. काल त्यांनी माझ्या पायांना स्वतः तेल लावलं.

पाय मात्र सुजलेत गं. चप्पल चढत नाही. डॉक्टरांनी बीपी थोडं वर आहे म्हणून मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणजे तुझी सुकट बंद. माझी वाट लागली की नाही?

मुलगी झाली तर नाव ठरवलंय, प्रांजल. प म्हणताना ओठ मिटतात, तेव्हा मी तिला हाक मारली की तुला माझ्या ओठांवरून लगेच कळेल. तुझा विचार करून नाव ठेवणारी मीच पहिली, याची नोंद घे.

काकांना नमस्कार. माया दाट ठेव, पाहुणे वाढले की कालवणात पाणी घालतेस तसं करू नकोस.

तुझी
नेत्रा


माहुल,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. नेत्रास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. त्यातला अर्धा वाटा आतल्याला दे.

तुझा गाऊन धुतलेला नाही. खुंटीवर ठेवला तर कंपनीची काजळी बसते, म्हणून तसाच गुंडाळून पेटीत ठेवलाय. पण माझे हात कसे शिवशिवले ते माझं मला ठाऊक. उभ्या जन्मात मी घातलेला कपडा पेटीत ठेवला नव्हता. तुझी आई तुला माझ्या पदरात टाकून गेली तेव्हा माझ्या सासूने मला एकच शिकवण दिली होती. आपण पाटी घेऊन बसणाऱ्या, लोक एकदा धुतात तिथे आपण दोनदा धुवायचं, आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यात जाणारी वस्तू तर तीनदा. तुझे शाळेचे फ्रॉक मी असे धुवायची की रंग कुठला होता ते बाईंना विचारावं लागे. तेव्हा कडक म्हणून नावं ठेवू नकोस.

तुझ्या सासूच्या गॅसची गोष्ट वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, आणि तुझे काका दचकले. मला माझं हसू ऐकू येत नाही ना, किती मोठं होतं ते कळत नाही. बाईला सांग, मी तो राग केव्हाच सोडलाय. नको, सांगू नकोस. थोडा धाक असू दे.

कान गेले तसं माझं नाक तिखट होत चाललंय. कंपनीने काही सोडलं की वस्तीत सगळ्यांत आधी मला कळतं. दारात कोण आलंय ते मागे न वळता सांगते. तू आलीस की ओट्यापाशीच कळतं, आणि ते काही खोबरेल तेलामुळे नाही.

पायांचं मला आवडलं नाही. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं का ते लिही. लिहायच्या आधी डॉक्टरला सांग. दुकानातून रजा घे. चष्मे काय, ते आपापले दिसतील.

नाव छान आहे. मी आरशापुढे म्हणून पाहिलं, ओठ मिटतात खरे.

काका आठवण काढतात. लवकर ये, आणि आपल्या माणसावरचा जीव असाच ठेव.

तुझी मावशी
शकु


मुलुंड, हॉस्पिटलमधून,
१९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मावशींस,

निलेशचा नमस्कार. पत्राची सुरुवात चुकली असेल तर माफ करा. ही वही नेत्राची आहे, तिच्या आधीच्या पत्राचे ठसे या पानावर उठलेत, त्यांच्यावरच लिहितोय.

दहावं करून तुम्ही काकांसाठी परत गेलात. त्या गर्दीत तुम्हाला नीट काही सांगता आलं नाही. तुमच्याशी बोलायचं तर सावकाश, समोर बसून बोलावं लागतं. तिचं बीपी एकदम चढलं, झटके आले. डॉक्टर म्हणाले, दोघींपैकी एकीला तरी वाचवायचं तर बाळ आत्ताच काढावं लागेल. ऑपरेशननंतर नेत्रा शुद्धीवर आलीच नाही. तिने मुलीला पाहिलं नाही आणि मुलीने तिला. मी दोघींना पाहिलं, मावशी, एकाच दिवशी, वेगवेगळ्या मजल्यांवर.

प्रांजल काचेच्या पेटीत आहे. माझ्या तळहातावर मावेल एवढी. नाकात नळी आहे. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलीय, म्हणून तिला अजून श्वास घ्यायची सवय नाही. मधेच ती श्वास घ्यायला विसरते. विसरते म्हणजे खरंच विसरते, छाती थांबते, मशीनची घंटा वाजते, मग सिस्टर येऊन तळव्यावर टिचकी मारतात आणि ती दचकून पुन्हा सुरू होते. त्यावरचं औषध चालू आहे, कॉफीत असतं तेच म्हणे. तरी घंटा वाजतेच. मी लिफ्टचा मेकॅनिक माणूस, अडकलेली लिफ्ट कशी सोडवायची ते कळतं. इथे काचेला हात लावून उभा राहतो.

इथल्या डॉ. अनुपमा फार चांगल्या आहेत. त्यांचं म्हणणं, अशा बाळाच्या डोक्याशी आईच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा ठेवला तर काही बाळं श्वास घ्यायला कमी विसरतात. औषध सोडायचं नाही, हे फक्त सोबतीला. उपयोग होईलच असं त्या म्हणाल्या नाहीत, पण तोटा नाही म्हणाल्या. आईचा स्पर्श झालेलं काही आहे का, असं विचारत होत्या. आमच्या आईने रीतीप्रमाणे नेत्राचे सगळे कपडे धुऊन वाटून टाकले, उशीचा अभ्रासुद्धा ठेवला नाही. तिचा दोष नाही, तिला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये अंगावर होतं ते तिथेच गेलं.

तुमच्याकडे नेत्राचा स्पर्श झालेलं काही असेल का? जुनं असलं तरी चालेल. नितेश आज सकाळीच हे पत्र देईल, संध्याकाळी त्याला डबल ड्यूटी आहे, म्हणून उद्या घरी परतताना वस्तू घेईल. इथे स्वच्छतेचं फार कडक आहे, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. तेव्हा स्वच्छ पिशवीत घालून द्या.

जास्त लिहवत नाही. तुमचा हात डोक्यावर असू द्या, माझ्या नाही तरी तिच्या.

आपला
निलेश


माहुल,
२० फेब्रुवारी २०२५

चि. निलेशरावांस,

मावशीचे आशीर्वाद. छातीशी लावलेले.

देव आहे म्हणायचा. नेत्राचा पिवळा गाऊन माझ्या पेटीत होता. संक्रांतीला विसरून गेली होती, तो तुमच्या लेकीसाठीच विसरली म्हणायची.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच कामाला लागले. तुम्ही स्वच्छतेचं लिहिलंत त्याची काळजीच करू नका. आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवला. मग मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन त्यात डेटॉल घालून काढला. पुन्हा दोन साध्या पाण्यांतून काढला. कंपनीकडचा वारा होता म्हणून गच्चीवर वाळत घातला नाही, शेजारच्या शेवंताच्या अंगणात उन्हात घातला आणि काजळीचा एक कण बसू नये म्हणून मी स्वतः शेजारी बसून राहिले. तुमच्या काकांना शेवंताने भात भरवला. संध्याकाळी ओवा आणि वेखंडाची धुरी दिली. आपल्याकडे तान्ह्याच्या कपड्याला देतातच, सर्दी धरत नाही, आणि तुमची पोर तर श्वासालाच अडते आहे. सकाळी इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री करून आणला. नवी पिशवी घेतली. तुमच्या हॉस्पिटलात आता कोणाला नाक मुरडायला जागा उरलेली नाही.

डॉक्टरीणबाईंना लागेल तेवढा कापू द्या. जीव अडकवू नका, कापडच आहे. गळ्याजवळचा भाग मऊ आहे, तो डोक्याशी ठेवायला सांगा.

मला तिच्याजवळ यावंसं वाटतं. पण आत आईबापांशिवाय कोणाला घेत नाहीत म्हणून नितेशने हाताने खुणा करून सांगितलं, आणि इकडे काकांना उठवून बसवायला माझ्याशिवाय कोणी नाही. तेव्हा हा गाऊन म्हणजे मीच आले असं समजा. घंटा थांबली की मला कळवा. बोंबील नितेशने खाल्ले नाहीत आज. मी पण तळले नव्हते.

जेवत जा. तुमच्यावर आता दोघांचं प्रेम करायची पाळी आलीय, त्यात कमी पडू नका.

मावशी


मुलुंड,
२५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मावशींस,

नमस्कार. गाऊन मिळाला. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, त्याबद्दल काय लिहू. असा धुतलेला कपडा मी दुकानात नवा घेतानासुद्धा पाहिला नाही. सिस्टरनी नाकाशी धरला, मग डॉक्टरांकडे पाहिलं, आणि ठेवून दिला. डॉक्टर म्हणाल्या, मावशींना माझा नमस्कार कळवा.

प्रांजल बरी आहे. वजन किंचित वाढलंय. आता मला तिला रोज छातीवर घ्यायला देतात, शर्ट काढून, कातडीला कातडी लावून. कांगारूसारखं म्हणतात. माझ्या छातीवर ती म्हणजे एखादा गरम रुमाल ठेवल्यासारखी वाटते. काल तिने माझं एक बोट पकडलं. बाजूच्या पेटीत जुळे आहेत, त्यांची आई दिवसातून कितीदा तरी येते, कुशीतला रुमाल बदलून ठेवते, आणि तिच्या मुलांची घंटा क्वचितच वाजते. आपली पण कमी होईल.

तुमचा गाऊन चांगला लागू पडलाय. काळजी करू नका.

एक विचारायचं होतं. नेत्राचं अजून काही तुमच्याकडे राहिलंय का? एखादा रुमाल, ओढणी, केसांचा फडका, काहीही. असेल तसं द्या. धुवायचा त्रास मुळीच घेऊ नका.

आई आठवण काढते. ती दिवसभर खाली बाकावर बसून असते, वर येऊ देत नाहीत तरी. तुमच्याशी तिला बोलायचंय पण कसं ते तिला कळत नाही.

काकांना नमस्कार. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नका.

आपला
निलेश


माहुल,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. निलेशरावांस,

आशीर्वाद.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बहिऱ्या बाईला शब्दांशिवाय आहे काय, मी एकही सांडू देत नाही. सिस्टरनी गाऊन नाकाशी धरला असं लिहिता. लागू पडला म्हणता आणि लगेच दुसरा कपडा मागता. वर धुवायचा त्रास नको म्हणता. आजवर माझ्या घरी ताट तसंच टाकून उठत आलात, तुम्हाला एकदम माझ्या त्रासाची कुठून आठवण झाली?

वास हवा होता ना?

काचेच्या पेटीत स्पर्श कसला लागतो, हे मला पहिल्या पत्रालाच कळायला हवं होतं. लेकराला आईचा वास हवा होता, आणि माझ्यापुढे तो शब्द काढायला तुम्ही भ्यायलात. चूक तुमची नाही. त्या शब्दावरून मी भर मांडवात पदर झटकून उठले होते. त्यानंतर तो माझ्यापुढे काढणार कोण? तुमच्या घरात तर गॅसला पण वास येत नाही, नेत्राने लिहिलं होतं मला.

आता ऐका. कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि काकांना सांगून उपयोग नाही.

पेटीचं झाकण उघडलं तेव्हा नेत्रा घरात आली. लहानपणी झोपेतून उठून माझ्या कुशीत शिरायची तशी, गरम, डोळे न उघडता. मी गाऊन तोंडावर घेऊन खाली बसले. काकांना वाटलं मला भोवळ आली, ते खाटेवरून हात हलवत राहिले. किती वेळ बसले होते कोण जाणे. मग मनाशी म्हटलं, शकु, हे तुझं नाही, लेकराचं आहे, तिकडे ती खोळंबलीय. आणि उठून पाणी तापवलं. मी माझ्या हाताने बुडवला तो. पातेल्यातून वाफ आली त्यात ती एकदा आली, आणि मग मी डेटॉल ओतलं.

नेण्याआधी तिला शेवटची आंघोळ घातली ती मी. मागे उरली होती तेवढी पण मीच धुतली.

कालपासून सगळं घर पालथं घातलंय. तिचा शाळेचा फ्रॉक आहे, लग्नाआधीची ओढणी आहे, गोधडीत तिच्या परकराचे तुकडे आहेत. सगळ्याला रिठ्याचाच वास येतो. माझ्या घरात न धुतलेली एक चिंधी सापडत नाही, एवढी स्वच्छ बाई मी. जन्मभर लोकांच्या नाकांना भिऊन धूत बसले.

डॉक्टरीणबाईंना विचारा, माझा पदर चालेल का. लग्न होईपर्यंत पोर माझ्याजवळच झोपायची. काहीतरी माझ्यात उतरलं असेल.

आणि हे अहो-जाहो आता पुरे. नेत्रा मला अगं म्हणायची, तूही तसंच म्हण. माझ्यापासून काही लपवू नकोस, शब्दसुद्धा नाही. तेवढा जीव लाव.

मावशी


मुलुंड,
१२ मार्च २०२५

ती. मावशीस,

नमस्कार गं मावशी.

हो. वास हवा होता. लिहिला बघ, शब्द एवढासाच आहे. पहिल्या पत्राच्या वेळी तो माझ्या पेनाच्या टोकावर आला होता आणि मी त्याच्या जागी स्पर्श लिहिलं. मनाशी म्हटलं, मावशी दुखावेल. नेत्रा असती तर तिने पहिल्याच ओळीत लिहिलं असतं, मावशे, वास पाठव.

तू विचारलंस म्हणून सगळं खरं सांगतो. गाऊनला डेटॉल आणि धुरीचा इतका उग्र वास होता की डॉक्टर म्हणाल्या, एवढ्याशा छातीला हा सोसणार नाही, आत ठेवायचा नाही. पेटीच्या बाहेर, माझ्या पिशवीत होता तो. एक दिवस फार वाईट गेला. घंटा वाजली, टिचकी मारून ती सुरू होईना, सिस्टर धावल्या, मला बाहेर काढलं. जिन्यात आई होती. मग आतून सिस्टरनी मान हलवून हो सांगितलं, आणि आई जिन्यातच बसली. मला म्हणाली, तिच्या साड्या मी धुतल्या नसत्या तर. मी म्हटलं, आई, मावशीने पण धुतला. तशी ती रडली. दहाव्यापासून ती रडलीच नव्हती.

तुझ्या पदराचं डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाळ पोटात असल्यापासून आईचा वास ओळखतं, दुसऱ्याचा कितीही जवळचा असला तरी त्याला तो नवाच. मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला. काही ठिकाणी अशा बाळांजवळ व्हॅनिलाचा सौम्य वास ठेवून पाहिलाय, त्याने श्वास थांबायचं कमी झालेलं दिसलं. त्यांच्याकडे हॉस्पिटलचं मोजून केलेलं द्रावण आहे. सगळी कागदपत्रं करून, कापसावर घेऊन, सिस्टर पेटीच्या कोपऱ्यात ठेवतात. घरचं काही आणायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.

मावशी, घंटा कमी झालीय. व्हॅनिलाने झाली, औषधाने झाली की तिचं वय वाढतंय म्हणून झाली, ते डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. पण झालीय. तुझी नात आइस्क्रीमच्या वासावर श्वास घेते. मी काचेला नाक लावून उभा राहतो आणि मनात येतं, हिला वाटत असेल आई म्हणजे हाच वास. मग मला हसू येतं, आणि मग माझं काय होतं ते लिहीत नाही.

एक मागणं आहे. मला नेत्राचा वास आठवत नाही. तीन वर्षं एका उशीवर झोपलो आणि आठवत नाही. चेहरा आठवतो, तिचं बोलणं फोनमध्ये आहे, हसण्याचा व्हिडिओ आहे. वास कुठेच नाही. तुझं नाक तिखट आहे. तुला आठवत असेल तर प्रांजलसाठी लिहून ठेव. कपडा गेला तो गेला, निदान शब्द राहू देत.

घरी सोडलं की आधी तुझ्याकडे आणतो. तोवर हा वेडा जावई पदरात असू दे.

तुझा
निलेश


माहुल,
४ मे २०२५

चि. प्रांजलला,

शकुआजीचा नाकाला नाक लावून आशीर्वाद.

काल तुझा बाप तुला घेऊन आला. तुझी घाटकोपरची आजी पण आली. तिने माझ्या हातचं जेवण पोटभर खाल्लं आणि निघताना माझा हात स्वतःच्या नाकाशी धरून उभी राहिली. मला तिचं बोलणं ऐकू आलं नाही. बहुतेक ती काही बोललीच नाही.

तुझ्या बापाने सांगितलंय म्हणून लिहिते. मोठी झालीस की वाच.

तुझ्या आईला मासळीचा वास यायचा. तुला सांगणारे सांगतील, नाही यायचा. यायचा. लहानपणी माझ्या पाटीला टेकून अभ्यास करायची, तो केसांत बसला होता, लग्नानंतरही पावसाळ्यात जरा वर यायचा. ती हातांना लिंबाची साल चोळायची, म्हणून बोटांना लिंबाचा. खोबरेल तेलाचा, पण तेल कमी आणि ऊन जास्त, असा. दुकानाला लागल्यापासून चष्मे पुसायच्या पाण्याचा, थंड. आणि या सगळ्याच्या खाली, कानामागे, मानेपाशी, एक वास होता त्याला नाव नाही. ताज्या भाताचं झाकण काढलं की पहिल्या वाफेत असतं तसं काहीतरी, पण ते नाही. मला येतो अजून तो. मी डोळे मिटले की येतो. तुला कसा द्यायचा ते मला कळत नाही गं.

काल तू माझ्या मांडीवर झोपलीस तेव्हा तुझ्या मानेशी नाक नेलं. खूप शोधलं. नेत्रा नाही सापडली. तुझाच वास आहे, कोरा, कोणाचाच नसलेला. तुझी छाती वर जात होती, खाली येत होती, आणि मी तुझे श्वास मोजत न बसता तो वास नुसता घेत राहिले. तुझ्या बापाने मला हाक मारली असेल, मला कुठे ऐकू येतंय. मग तो समोर येऊन उभा राहिला आणि तुझं नाव घेतलं. ओठ मिटले, मला लगेच कळलं. तुझ्या आईचं बरोबर होतं.

तुझ्या घाटकोपरच्या आजीने त्या पिवळ्या गाऊनचं दुपटं शिवलंय तुला. त्यातच गुंडाळून आणली होती. आता त्याला दुधाचा वास येतो, शूचा येतो, तुझ्या बापाच्या घामाचा येतो. छान येतो. सारखी इकडे येत जा, आणि या म्हातारीवर थोडी माया कर.

दुपटं घाण झालं की तुझ्या बापाला धुवायला सांग. माझ्याकडे देऊ नका.

तुझी
शकुआजी